मिक्स्ड मॉडेलमध्ये नॉर्मल असायला हवं ते नेमकं काय?

परभणीत कृषीच्या पीएचडी करणाऱ्या मुलामुलींना आकडेवारीच्या कामात मी मदत करते. प्रबंध जमा करायचे दिवस जवळ आले की हमखास विचारलं जातं, "मॅडम, डेटा नॉर्मल येत नाहीये, लॉग घेऊ का?" नॉर्मल म्हणजे सरासरीभोवती घंटेच्या आकारात पसरलेला; लॉग म्हणजे आकड्यांचा लॉगरिदम.

लगेच घेऊ नका. बहुतेकांनी एकरी उताऱ्याचे सगळे आकडे सरसकट शापिरो-विल्क या नॉर्मलपणा तपासणाऱ्या चाचणीत घातलेले असतात. लिनियर मिक्स्ड मॉडेल म्हणजे वाणासारखे ठरावीक (फिक्स्ड) आणि गावासारखे रँडम घटक एकत्र धरणारं मॉडेल. त्याची नॉर्मल असण्याची अट मूळ आकड्यांना लागूच नाही. ती आहे रेसिड्युअलना, म्हणजे मॉडेलने सगळा हिशेब लावूनही उरलेल्या फरकाला, आणि रँडम इफेक्टना, म्हणजे गावागावांतल्या किंवा शेतकऱ्या-शेतकऱ्यांतल्या फरकाला.

समजा, सोयाबीनच्या दोन वाणांची तुलना आहे. गाव आणि शेतकरी रँडम. काही रानांना तुषारचं पाणी मिळालं, बाकी कोरडवाहू. सगळा उतारा एकाच आलेखात काढला तर दोन उंचवटे दिसणारच. पाणी हा घटक फिक्स्ड म्हणून घाला, मग रेसिड्युअल बघा. पुष्कळदा तक्रार तिथेच मिटते. गावांचे इफेक्टच दोन गटांत फुटलेले दिसले तर जमीन विचारा. गोदाकाठची भारी काळी रानं आणि बालाघाटच्या उतारावरची हलकी, मुरमाड रानं एकत्र आलीत का? ही माहिती बांधावर सहज मिळते, पण नोंदवहीत रकानाच नसतो. पेरणीआधीच तो आखून ठेवा.

चाचणीपेक्षा क्यूक्यू प्लॉट बरा; आकडे नॉर्मल असले की त्यात ठिपके सरळ रेषेवर बसतात. नोंदी भरपूर असल्या की शापिरो-विल्क किरकोळ फरकही पकडते, आणि थोड्या असल्या तर मोठाही सोडून देते. रँडम इफेक्टचा प्लॉट मात्र जपून वाचा. आर या संगणकभाषेतलं एलएमई४ पॅकेज देतं ते अंदाज सरासरीकडे ओढलेले असतात, म्हणून खऱ्यापेक्षा जास्त नॉर्मल दिसू शकतात. पाच-सहाच गावं असतील तर त्यावरून काहीच ठरवता येत नाही.

वाणांतला फरक एवढंच काढायचं असेल तर थोड्या वाकड्या प्लॉटने घाबरू नका. होल्गर शील्झेथ आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये सिम्युलेशन करून दाखवलं की ही मॉडेल्स अशा बाबतीत बरीच तग धरतात. पण एखाद्या शेतकऱ्याच्या रानात उतारा किती ते किती येईल, हे सांगायचं असेल तर वितरणाचा आकार महत्त्वाचा ठरतो. उताऱ्याबरोबर फरकही वाढत जात असेल, तर त्याकडे आधी लक्ष द्या.

अतिवृष्टीने पीक गेलेल्या रानांचे शून्य आकडे हा वेगळाच विषय. शून्याचा लॉग निघत नाही, आणि एक मिळवून घेतला तरी शून्यांचा ढीग तसाच राहतो. पीक हाती आलं का, आणि आलं तर किती, असे दोन प्रश्न स्वतंत्र सोडवा.

प्रबंधात "डेटा नॉर्मल होता" असं मोघम लिहू नका. कशाचा प्लॉट काढला, कोणती रानं वेगळी पडली, ती ठेवून आणि वगळून वाणांतला फरक किती बदलतो, हे आकड्यांनिशी द्या.