उंदराचा जीएम-सीएसएफ: सहाव्या दिवशी पेशी तरंगतच नसतील तर

लक्षण असं: उंदराच्या अस्थिमज्जेतून डेन्ड्रिटिक पेशी (माध्यमात तरंगणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी) वाढवताना पहिली बॅच छान, मग प्रत्येक वेळी सीडी११सी (या पेशींची ओळखखूण असलेलं प्रथिन) पॉझिटिव्ह पेशी कमी. या पेशी वाढवणाऱ्या जीएम-सीएसएफ या संकेत-प्रथिनाची बाटली तीच, रीकॉम्बिनंट (जनुक-तंत्राने बनवलेलं), कॅरिअर प्रोटीनशिवाय (आधाराला दुसरं प्रथिन न मिसळलेलं). सीरम बदललं, मात्रा दुप्पट केली, इन्क्युबेटर तपासला. काहीच फरक नाही. वैताग आला. (मानवी जीएम-सीएसएफ वापरून पाहू नका, तो उंदराच्या पेशींवर चालत नाही.)

बिघाड साठवणीत होता. खूप विरळ केलेलं प्रथिन प्लास्टिकला चिकटतं, आणि वारंवार गोठवून-वितळवून उरलेलंही निकामी होतं.

नवी बाटली अशी विरघळवली. आधी थोडा वेळ सेंट्रिफ्यूज, कारण पावडर झाकणाला लागलेली असते. २० मायक्रोग्रॅमला ०.१ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन, इथे कॅरिअर प्रोटीन) असलेलं २०० मायक्रोलिटर निर्जंतुक पीबीएस (क्षारांचं बफर द्रावण). बीएसए कमी एन्डोटॉक्सिनचंच (जिवाणूंच्या आवरणातलं विष) हवं, नाहीतर पेशी वेळेआधीच परिपक्व होतात. व्हॉर्टेक्स नाही, हलकेच फिरवून १० मिनिटं ठेवलं. मग लो-बाइंड (प्रथिन कमी चिकटणाऱ्या) नळ्यांत २०-२० मायक्रोलिटर भरून उणे ८० अंशांवर. वितळलेली नळी पुन्हा गोठवायची नाही.

१० मिली माध्यमाला २ मायक्रोलिटर, म्हणजे मिलीला २० नॅनोग्रॅम. साध्या बॅक्टेरिऑलॉजिकल पेट्री डिशमध्ये २० लाख पेशी; तिसऱ्या दिवशी जीएम-सीएसएफसह आणखी १० मिली, सहाव्या आणि आठव्या दिवशी निम्मं माध्यम बदल. नवीन लॉट आला की जुन्याशेजारी एक डिश लावतो.