पाचवीच्या इंग्रजी पुस्तकात अडवणारे सोपे शब्द

गोव्यात चौथीपर्यंत मराठीतून शिकलेलं मूल पाचवीला इंग्रजी माध्यमात गेलं की घरी आधी कठीण शब्दांची यादी तयार होते. खरं तर जास्त घात सोपे शब्द करतात. 'फोटोसिंथेसिस' आला की मूल थांबून विचारतं. 'टेबल' किंवा 'मीन' आला की थांबत नाही. ठाऊक असलेला अर्थ लावतं आणि उत्तर चुकतं.

एका बैठकीला पुस्तकाचं एकच पान घ्या. ठाऊक असूनही वाक्यात न बसणारे शब्द मुलाला पेन्सिलीने अधोरेखित करू द्या. चार-पाच मिळाले की पुरे.

मग शब्दाच्या आजूबाजूला बघायला लावा. 'द मीन ऑफ' आणि पुढे आकडे असतील तर ती सरासरी. 'डू यू मीन' मध्ये ते क्रियापद, म्हणजे 'तुला म्हणायचंय काय'. 'अ मीन बॉय' मध्ये विशेषण, दुष्ट. 'प्रॉडक्ट' दुकानात वस्तू असते, पण 'द प्रॉडक्ट ऑफ सिक्स अँड फोर' म्हणजे गुणाकार, २४. 'ऑफ' नंतर दोन संख्या आणि मध्ये 'अँड', ही त्याची खूण. इथे पुष्कळ मुलं बेरीज करून १० लिहितात, कारण 'अँड' म्हणजे मिळवणे असं डोक्यात पक्कं असतं.

विज्ञानात 'सॉल्यूशन' द्रावण, 'मॅटर' द्रव्य, 'सेल' पेशी. ('स्वस्तातला सेल' हा वेगळाच शब्द, स्पेलिंगही निराळं.) भूगोलात 'वॉटर टेबल' म्हणजे जमिनीखालच्या पाण्याची पातळी, उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली जातं ते दाखवून हे चटकन समजावता येतं. 'पणजी मांडवीच्या लेफ्ट बँकवर' हे वाक्यही अडवतं. बँक म्हणजे इथे काठ, आणि डावा-उजवा ठरतो प्रवाहाच्या दिशेला तोंड करून. मांडवी पश्चिमेला वाहते, म्हणून दक्षिणेकडची पणजी डाव्या काठावर.

मोठ्याने वाचताना आघाताकडे लक्ष द्या. 'ऑब्जेक्ट'चा जोर पहिल्या अवयवावर, म्हणजे 'ऑब'वर असेल तर वस्तू. दुसऱ्यावर असेल तर हरकत घेणे.

शब्दकोशात एकच स्पेलिंग दोनदा छापून वर बारीक १, २ असे आकडे असतील तर कोश ते वेगळे शब्द मानतो. पैशांची बँक आणि नदीची बँक तशीच. एकाच नोंदीखालचे क्रमांक मात्र एकाच शब्दाचे अर्थ. पहिला अर्थ उतरवून वही मिटू नका, वाक्यात बसेल तो शोधा.

वहीत सुटा शब्द आणि त्यापुढे मराठी अर्थ, असं लिहिणं टाळा. त्यातून पुन्हा एकच अर्थ पाठ होतो. अख्खा वाक्यांश लिहा. आठवड्याने उजळणी घेताना अर्थ चुकला तर लगेच सांगू नका. त्याच अर्थाचं दुसरं वाक्य द्या आणि शोधायला वेळ द्या.