जीटीए ५ : मॉड काढले तरी ‘स्क्रिप्ट हूक व्ही’ची एरर (माझा अनुभव)

स्टीमवर (गेम घेण्याचं-चालवण्याचं ॲप) अपडेट आलं की गेम उघडतानाच ‘स्क्रिप्ट हूक व्ही क्रिटिकल एरर’ येऊन बंद. स्क्रिप्ट हूक व्ही म्हणजे मॉड, म्हणजे गेममध्ये बाहेरून टाकलेले बदल, चालवायला लागणारी फाइल. राजारामपुरीतल्या मित्राच्या पीसीवरही तेच. स्टीमचं व्हेरिफाय (गेमच्या फाइलींची तपासणी) केलं, अनइन्स्टॉल करून रात्रभर पुन्हा उतरवला. डोक्याला नुसता ताप!

व्हेरिफाय फक्त गेमच्या मूळ फाइली दुरुस्त करतं, बाहेरून टाकलेल्या तशाच फोल्डरात राहतात, अनइन्स्टॉलनंतरसुद्धा.

गेम बंद करा. स्टीममध्ये गेमवर राइट क्लिक, मॅनेज, ब्राउझ लोकल फाइल्स. तिथली डीइनपुट८.डीएलएल आधी उडवा, कारण एएसआय फाइली (मॉडच्या फाइली) तीच लोड करते. मग स्क्रिप्टहूकव्ही.डीएलएल, शेवटी .एएसआय असलेल्या सगळ्या फाइली, ‘स्क्रिप्ट्स’ आणि ‘मॉड्स’ फोल्डर. बिंक२डब्ल्यू६४.डीएलएल संशयास्पद दिसते, पण ती गेमचीच. हात लावू नका. व्हेरिफाय आता, सगळ्यात शेवटी.