सरळ वर फेकलेल्या दगडाचं गणित: या चुका टाळा

सांगलीच्या आयर्विन पुलावरून एक दगड सरळ वर फेकला, वेग १० मीटर प्रतिसेकंद. कृष्णेचं पाणी हातापासून १५ मीटर खाली आहे असं गणितापुरतं धरू. दगड पाण्यात कधी पडेल? बारावीच्या मुलांना हे गणित घातलं की दिसतं, डेरिव्हेटिव्ह (बदलाचा दर) सगळ्यांना येतो. घोळ होतो तो त्याच्या आधी.

पहिलं काम दिशा ठरवणं. वरची दिशा धन आणि पाण्याची पातळी शून्य घेतली, तर त्वरण, म्हणजे वेग दर सेकंदाला किती बदलतो ते, −१० (९.८ ऐवजी, आकडे सोपे राहावेत म्हणून). बरीच मुलं दगड खाली येताना ते +१० करतात. तसं करू नका. दगड वर जावो की खाली येवो, गुरुत्वाकर्षण खालीच ओढतं. अगदी टोकाला वेग शून्य असतानाही त्वरण −१० च असतं.

सगळ्यात महागात पडतो तो इंटिग्रेशनचा (डेरिव्हेटिव्हच्या उलट क्रियेचा) स्थिरांक, म्हणजे त्यात शेवटी मिळवायची स्थिर संख्या. वेळेला ट म्हटलं, तर त्वरणाचं इंटिग्रेशन करून वेग = −१०ट + १०. पुन्हा इंटिग्रेशन केलं की उंची = −५ट² + १०ट + १५. हे १५ विसरलात तर उत्तर २ सेकंद येतं, आणि ते पटतंसुद्धा! पण २ सेकंदांनी दगड फक्त पुलाच्या पातळीला परत आलेला असतो. डेरिव्हेटिव्ह काढून पडताळा घेतलात तरी ही चूक सापडणार नाही, कारण स्थिर संख्या त्यात गळून जाते. म्हणून ट = ० घालून बघा: उंची १५ आणि वेग १० आलाच पाहिजे.

‘पाण्यात पडला म्हणजे थांबला’ असं म्हणून वेग शून्य धरू नका. त्याने १ सेकंद येतो, तो २० मीटरवरच्या टोकाचा. शून्य धरायची ती उंची. मग ट = ३ किंवा −१.

ते −१ नुसतं खोडून टाकू नका, मला ते फार आवडतं. हाच दगड १ सेकंद आधी पाण्याच्या पातळीवरून २० च्या वेगाने वर सुटला असता, तर ट = ० ला तुमच्या हातापाशी बरोबर १० च्याच वेगाने पोचला असता. आपला दगड त्या आधी हातात होता, म्हणून उत्तर ३ सेकंद.

एकूण अंतर विचारलं असेल तर वेगाचं ० ते ३ सलग इंटिग्रेशन करू नका. −१५ येईल, ते विस्थापन, म्हणजे सुरुवातीच्या जागेपासून शेवटची जागा किती वर किंवा खाली ते. टोकापाशी, ट = १ ला, तोडा: वर ५, खाली २०, एकूण २५ मीटर.