पांढरी बुरशी दिसली की लोक करतात त्या चुका (या टाळा)

मातीत ओल धरली की मला फोटो यायला लागतात. कुणाच्या वाफ्यात पाचोळ्याखाली पांढरं जाळं पसरलेलं असतं, कुणाच्या कुंडीत रातोरात छत्र्या उगवलेल्या असतात, आणि खाली प्रश्न ठरलेला, कुठलं औषध मारू? माझं उत्तरही ठरलेलंच आहे, काही मारू नका. ते कुणालाच आवडत नाही कारण लोकांना हातात बाटली लागते, नुसतं बघत बसणं म्हणजे झाडाकडे दुर्लक्ष असं वाटतं. तर एकदाच सगळं लिहून टाकतो, पुढच्या वेळी हेच पाठवीन.

जाळं दिसलं की बुरशीनाशक ओतणं

मातीतल्या बुरशींपैकी बऱ्याचजणी मेलेल्या गोष्टींवर जगतात. वाळकी पानं, काटक्या, मेलेली मुळं, किड्यांची टरफलं. तुमच्या जिवंत झाडाशी त्यांना काही देणंघेणं नसतं. लाकूड कडक असतं ते लिग्निनमुळे, आणि हे लिग्निन बॅक्टेरियांना फारसं झेपत नाही, ते नीट फोडायचं काम मुख्यतः पांढरी कुज करणाऱ्या बुरशी करतात. लॅकेस, पेरॉक्सिडेज असली एन्झाइम्स (पाचक रसांसारखी रसायनं) त्या अंगाबाहेर सोडतात, लाकूड बाहेरच्या बाहेर फुटतं आणि मग सुटे झालेले बारीक रेणू त्या शोषून घेतात. तपकिरी कुज करणाऱ्या बुरशी वेगळ्या, त्या सेल्युलोज, म्हणजे लाकडातला धाग्यांसारखा भाग, खाऊन टाकतात आणि लिग्निन बराचसा मागे ठेवतात, म्हणून ते लाकूड चौकोनी चौकोनी तडकून तपकिरी भुगा होतं, आणि तो भुगा पुढे बरीच वर्षं मातीत टिकतो. हे सगळं थांबलं तर पानांत आणि फांद्यांत अडकलेलं नायट्रोजन, फॉस्फरस, कॅल्शियम तिथंच अडकून राहील. म्हणजे तुम्ही बुरशीनाशक मारता ते तुमच्या फुकटच्या खत कारखान्यावर.

बरं, मारून उपयोग तरी होतो का, तर नाही. छत्री हा फक्त बीजाणू उडवायचा अवयव, खरी बुरशी आत लाकडात आणि मातीत केसाहून बारीक धाग्यांनी पसरलेली असते. वरून फवारलं की छत्री मरते, जी तशीही दोन दिवसांत मरणारच होती. आणि मुळातून शोषलं जाणारं औषध ओतलंत तर मुळांना मदत करणाऱ्या मायकोरायझा बुरशीपण जाऊ शकतात. बेनोमिल नावाचं बुरशीनाशक तर शास्त्रज्ञ प्रयोगाच्या प्लॉटमध्ये मायकोरायझा दाबून टाकायलाच वापरायचे, आणि बेनोमिल मातीत गेल्यावर त्याचं जे बनतं ते कार्बेन्डाझिम, तेच बुरशीनाशक जे लोक डोळे झाकून ओततात. यावरून काय ते समजा.

मी काय करतो? छत्र्या नको असतील तर हाताने उपटतो आणि तिथंच पाचोळ्याखाली सारतो. घरात लहान मूल किंवा कुत्रं असेल तर मात्र उपटून लांब टाका. आणि खायच्या आहेत का असं मला विचारू नका. फोटोवरून मी कुणालाच हो म्हणत नाही, कधीच म्हणणार नाही.

ताजा भुसा मातीत कालवणं

आता ही दुसरी, आणि हिच्यावर मी जरा जास्त बोलणार.

ओळखीतल्या एकाला सुताराकडून लाकडाचा भुसा फुकट मिळाला, पोत्यांनी. त्याने कुठंतरी वाचलं होतं की बुरशीला लाकूड आवडतं आणि बुरशी मातीला चांगली, दोन्ही गोष्टी खऱ्याच, मग पठ्ठ्याने तो सगळा भुसा वाफ्यात खोल कालवला आणि लगेच रोपं लावली. मी म्हणालो होतो थांब, वरून पसर, पण ऐकतो कोण. थोड्या दिवसांत रोपं पिवळी पडली, खालची पानं आधी, वाढ ठप्प. माती उकरली तर आत पांढरे धागेच धागे. झालं, गुन्हेगार सापडला! त्याने बुरशीनाशक ओतलं, रोपं तशीच पिवळी, मग डोस वाढवला, मग वर झाडांचं टॉनिक म्हणून कसलंसं द्रावण. बुरशी मात्र भुशात मजेत होती. मग मला बोलावलं, आणि वर मलाच म्हणतो की तुझी बुरशी किती डेंजर आहे बघ.

पानं पिवळी पडली ती बुरशीने झाडाला खाल्लं म्हणून नव्हे, नायट्रोजन कमी पडलं म्हणून. ढोबळ हिशेब असा. बुरशीच्या शरीरात १० भाग कार्बनला साधारण १ भाग नायट्रोजन लागतं. तिने १०० भाग कार्बन खाल्ला तर त्यातला अर्ध्याहून जास्त श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो, ४० च्या आसपास अंगी लागला असं धरू, म्हणजे तिला ४ भाग नायट्रोजन हवं. ज्या खाद्यात कार्बन आणि नायट्रोजन २५ ला १ अशा प्रमाणात आहे त्यात ते भागतं. लाकडाच्या भुशात हे प्रमाण कित्येकदा ४०० ला १ असतं, म्हणजे १०० भाग कार्बनमागे पाव भागच नायट्रोजन. उरलेलं ती कुठून आणणार? मातीतून. झाडाच्या मुळाच्या तोंडचं. मुळांपेक्षा हे धागे किती तरी बारीक आणि मातीत सगळीकडे पसरलेले, त्यामुळे या ओढाताणीत रोप हरतंच.

हे नायट्रोजन हरवत नाही हां. बुरशीच्या अंगात साठून राहतं आणि ती मेली, किंवा तिला चरणारे माइट, स्प्रिंगटेल, सूत्रकृमी असले मातीतले बारीक जीव तिच्यावर तुटून पडले, की हळूहळू परत मिळतं. फक्त ते तुमच्या हंगामात मिळेल असं नाही.

तोच भुसा वरून पसरला असता तर? जिथे भुसा मातीला टेकतो त्या पातळ थरातच ओढाताण झाली असती. बुरशी धाग्यांतून थोडं नायट्रोजन वर ओढते, ते खरं, पण खोल मुळाच्या झाडाला ते जाणवत नाही. अगदी कोवळ्या रोपांना जाणवू शकतं, म्हणून रोपं उभी राहिपर्यंत मी त्यांच्याजवळ काही टाकत नाही, नंतर चार बोटं जाड थर, खोडापासून वीतभर लांब. त्यातही मला भुशापेक्षा जाडसर लाकडाचे तुकडे आवडतात, भुसा दबून पापुद्रा धरतो आणि पाणी आत जात नाही. ज्यांनी आधीच कालवलाय त्यांनी नायट्रोजनचं खत थोडं थोडं, विभागून द्यावं आणि गप्प बसावं. त्या वाफ्यात पुढे शेंगवर्गातलं काही लावलं तर बरं, ते आपलं नायट्रोजन मुळांवरच्या गाठींतून आणतं.

यावर शॉर्टकट शोधणारे म्हणतात की मग लाकडाच्या ढिगावर युरिया फेकतो, पटकन कुजेल. पानं, गवत, काड असेल तर मदत होते. पण लिग्निन फोडणाऱ्या कित्येक बुरशींची ती यंत्रणा नायट्रोजन कमी असतानाच नीट चालते, जास्त झालं की मंदावते. म्हणजे कोवळं पटकन कुजतं आणि लाकूड रेंगाळतं. ज्याला घाई आहे त्याने लाकूड वापरूच नये, एवढं साधं आहे.

बाटलीतली बुरशी आणून जादूची वाट बघणं

ट्रायकोडर्मा आणि मायकोरायझा एकच समजणारे ढिगाने भेटतात. मायकोरायझा जिवंत मुळात राहते, झाडाकडून साखर घेते आणि बदल्यात फॉस्फरस वगैरे देते, कंपोस्टच्या ढिगात टाकून तिचा काही उपयोग नाही. मोहरी, कोबी यांच्या कुळातली झाडं तर तिच्याशी सहसा जोडीच करत नाहीत. ट्रायकोडर्मा मेलेल्यावर जगते, सेल्युलोज फोडते आणि दुसऱ्या बुरशींवर हल्लाही करते. दोन्ही आणून त्याच आठवड्यात कार्बेन्डाझिम टाकणारे महाभाग आहेत, त्यांना मी हात जोडतो. तापलेल्या ढिगातही टाकू नका, आत ६० अंशांच्या वर गेलं की बहुतेक बुरशी टिकत नाहीत, ढीग निवला की मग. खरं सांगू, ओल आणि लाकूड असेल तर कुजवणारी बुरशी आपणहून येते, बीजाणू हवेत असतातच.

उरलेल्या पटापट. रोज ढीग ढवळणं, धागे तुटतात, सोडा. पाणी साचू देणं, बुरशीला हवा लागते, सडका वास आला की समजा हवा संपली. आच्छादनावर पिवळा चिकट लगदा दिसतो ती बहुतेक स्लाइम मोल्ड असते, बुरशीसुद्धा नाही, आपोआप वाळते. लॉनमध्ये गोल हिरवी कडी दिसली तर तिथं बुरशी सेंद्रिय पदार्थ फोडून नायट्रोजन सोडतेय, गवत म्हणून गडद. कधी तिथली माती पाणी धरेनाशी होते, मग काट्याने भोकं पाडून सावकाश पाणी द्या.

पडलेलं प्रत्येक लाकूड साफ करणं हीही एक चूक, फक्त ती नीटनेटकेपणा म्हणून खपते. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या ओल्या जंगलांत हेमलॉक आणि सिट्का स्प्रूस या सूचिपर्णी झाडांची रोपं कितीतरी वेळा पडलेल्या, कुजक्या ओंडक्यावरच रुजतात, कारण जमिनीवर शेवाळ आणि झुडपांची गर्दी असते. उंचावरचा तो मऊ, ओला ओंडका बुरशीने तयार केलेला. तो उचलला तर पुढची झाडं कुठं उगवायची?

आणि आता जिथं मी खरंच काळजी करतो ते. जिवंत झाडाच्या बुंध्याशी झुबक्याने छत्र्या, सालीखाली पांढरा पापुद्रा, मातीत काळ्या बुटाच्या लेससारख्या दोऱ्या. ही आर्मिलारिया नावाची बुरशी असू शकते, जी जिवंत झाडही मारते आणि मेल्यावर तेच कुजवत बसते. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये हिचा एकच जीव साधारण ९ चौरस किलोमीटरवर पसरलाय. बुंध्यावर कडक फळीसारखी गॅनोडर्मा नावाची बुरशी आली तरी तेच. इथे औषध ओतून काही होत नाही, झाड रस्त्यावर किंवा घरावर झुकलेलं असेल तर जाणकाराकडून तपासून घ्या, आणि तोवर त्याखाली खुर्ची टाकून बसू नका.

जुना कोरडा ढीग उपसताना मास्क लावा, आधी पाणी शिंपडा. अ‍ॅस्परजिलस नावाच्या बुरशीचे बीजाणू धुळीसारखे उडतात आणि दमा असणाऱ्याला किंवा प्रतिकारशक्ती कमी असणाऱ्याला ते महागात पडतं.