बार्बीच्या पाठीवरचं १९६६ फसवं असतं

माळ्यावरच्या ट्रंकेत बार्बी सापडते, पाठीवर १९६६ दिसतं आणि घरात लाखांच्या गप्पा सुरू होतात. जरा थांबा. ते साल शरीराच्या साच्याच्या कॉपीराइटचं आहे, बाहुली बनल्याचं नव्हे. बार्बी बनवणाऱ्या मॅटेल कंपनीने तो साचा पुढे कित्येक वर्षं वापरला, त्यामुळे १९९०च्या दशकातल्या बार्बीवरही हेच साल सापडतं.

त्यापेक्षा सालाशेजारी देशाचं नाव शोधा. सुरुवातीच्या बार्बी जपानमध्ये बनत. चीन, मलेशिया किंवा इंडोनेशिया लिहिलं असेल तर बाहुली बरीच नंतरची. १९५९च्या अगदी पहिल्या बार्बीची खूण तर तळपायात असते: स्टँडच्या काट्यांसाठी दोन भोकं आणि आत तांब्याच्या नळ्या. तिची बुबुळं पांढरी, भुवया टोकदार. तेव्हा ती ३ डॉलरला मिळायची!

किंमत ठरते ती अवस्थेवर. कापलेले केस, दातांनी चावलेली बोटं (प्रत्येक घरात एक असं भावंड असतंच), कानाभोवती धातूच्या कुड्यांमुळे आलेला हिरवा डाग, या सगळ्याने भाव पडतो. डाग घासत बसू नका, रंग जाईल. मूळ कपडे, बूट आणि खोका असेल तर जपा. खोका फाटका असला तरीही.

भाव बघताना ईबे या खरेदी-विक्रीच्या वेबसाइटवर विक्रेते काय मागतात ते सोडा. ‘विकल्या गेलेल्या वस्तू’ हा फिल्टर लावा आणि तशाच अवस्थेतल्या बाहुलीला खरंच किती मिळाले ते पाहा.