मार्करचा वेग एकसारखा राहत नाही? रेग्युलेटर असा तपासा

पेंटबॉल मार्करमधून, म्हणजे रंगाचे गोळे झाडणाऱ्या खेळातल्या बंदुकीतून, एक गोळा २८५ फूट प्रति सेकंदाने सुटला आणि पुढचा २६० ने, तर नेम कितीही पक्का असो, दुसरा आखूड पडणार. दोष रेग्युलेटरचा (टाकीतून येणारा दाब कमी करून एकसारखा ठेवणाऱ्या भागाचा) आहे की नाही, हे क्रोनोग्राफ (गोळ्याचा वेग मोजणारं यंत्र) लावल्याशिवाय ठरवू नका.

टाकी सीओटूची (कार्बन डायऑक्साइडची) असेल तर आधी हवामान बघा. पुण्यातल्या डिसेंबरच्या सकाळी, १० अंशांना, तिच्यात साधारण ६५० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाब असतो. ३० अंशांना तोच १०५० च्या आसपास. सकाळी जुळवलेला वेग दुपारी ३०० ची नेहमीची मर्यादा ओलांडू शकतो. म्हणून चाचणी दाबलेल्या हवेच्या भरलेल्या टाकीवरच करा.

मास्क चढवा. दोन-तीन सेकंदांच्या अंतराने दहा गोळे झाडा आणि आकडे लिहून ठेवा. मग पाच मिनिटं थांबून एकच गोळा झाडा, आणि शेवटी दहा गोळे भराभर.

थांबल्यानंतरचा पहिला गोळा १५-२० ने जास्त आला, तर रेग्युलेटरची सीट (पिस्टन जिच्यावर टेकून हवा अडवतो ती बैठक) गळते आहे. बॉलकॉक नीट बसत नसला की पाण्याची टाकी रात्रभरात भरून वाहते, तसा इथे दाब हळूहळू चढत राहतो. गेज असेल तर काटा सरकताना दिसतोच. भराभर झाडताना वेग उतरत गेला, तर चेंबर (पुढच्या गोळ्यासाठी हवा साठवणारी जागा) वेळेत भरत नाही: वाट घाणीने अडली आहे, पिस्टन अडकतो आहे किंवा टाकीच्या तोंडाचा, हवा सोडणारा पिन पूर्ण दाबला जात नाही. आकडे नुसतेच वर-खाली होत असतील, तर रेग्युलेटर उघडू नका. पावसाळ्यात दमट हवेने फुगलेले गोळे किंवा बॅरलशी (नळीशी) न जुळणारं गोळ्याचं माप, हीच कारणं जास्त वेळा निघतात.

उघडायचाच असेल तर टाकी काढा, गोळे काढा, उरलेला दाब झाडून संपवा. पिस्टन बाहेर काढून सीटवर नखाला लागेल असा चरा आहे का बघा. असल्यास सीट बदला, घासून सपाट करू नका. ओ-रिंग (हवा अडवणारं रबरी कडं) पुण्याजवळच्या भोसरीत नमुना दाखवून मिळेलही, पण टाकीच्या तोंडाची ९० ड्युरोमीटरचीच (रबराच्या कडकपणाचं माप) घ्या, ७० ची मऊ तिथे फाटते. ग्रीस बोटावर जेमतेम चमकेल इतकंच, तेही मार्करसाठीचं; खनिज तेल दाबलेल्या हवेत पेट घेऊ शकतं. टाकीवरच्या रेग्युलेटरला मात्र घरी हात लावू नका, त्याच्यामागे ३००० किंवा ४५०० पीएसआय असतात.

जोडल्यावर दाब कमीवरून वर न्या. अ‍ॅलन की एका वेळी अष्टमांश वळण फिरवा, प्रत्येक वळणानंतर दोन-तीन गोळे सोडून द्या आणि मगच आकडा वाचा. दहा गोळ्यांत दोन्ही बाजूंना ५ चा फरक उत्तम, भाड्याच्या मार्करला १० चालतो. नवी सीट सुरुवातीला बसायला वेळ घेते, त्यामुळे पहिल्या खेळानंतर वेग पुन्हा मोजा.